मावशींचं ‘मानधन’ आणि नवे कायदे: विनाअनुदानित निवासी कार्यशाळेला नेमकं काय लागू होतं?

एका ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं: “आमची बौद्धिक दिव्यांग प्रौढांची विनाअनुदानित निवासी कार्यशाळा आहे. २६ मुलं (आम्ही मुलंच म्हणतो, वयं १६ ते ५१) आणि ११ कर्मचारी: सहा मावशी-मामा (म्हणजे काळजीवाहक), दोन विशेष शिक्षिका, एक स्वयंपाकीण, एक लेखनिक, एक राखणदार. मावशींना महिना ८,००० मानधन देतो, शिवाय जेवण. ड्युटी बारा तासांची. नवे श्रम कायदे आल्यापासून सीए म्हणतात सगळं लागू, खजिनदार म्हणतात आपण धर्मादाय ट्रस्ट, आपल्याला काहीच लागू नाही. मावशींना आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी लागते असंही कुणीतरी सांगितलं. मान्यतेची मुदतही संपत आलीय. काय करायचं आणि फी किती वाढवायची?”

ताई, मी अशाच एका कार्यशाळेत बावीस वर्षं व्यवस्थापक होतो. आता चार-पाच छोट्या संस्थांचे कागद बघून देतो. तुमच्या प्रश्नात नोंदणी, मान्यता, आरसीआय असं बरंच आलंय, पण अडचण त्या कागदांची नाही. ती मस्टरची, म्हणजे हजेरीपटाची आहे. तुमच्याकडे किती माणसं, किती तास आणि कोणत्या नात्याने काम करतात हे एकदा खरं लिहून काढलंत की निम्मी उत्तरं आपोआप मिळतात. आणि ते लिहून काढायलाच विश्वस्त मंडळं टाळाटाळ करतात, कारण एकदा लिहिलं की मग नाकारता येत नाही.

आधी ज्या गोष्टी परिस्थितीनुसार बदलतात त्या सांगतो. संस्था अनुदानित असेल तर मंजूर आकृतिबंध, सेवाशर्ती, वेतनश्रेणी असं वेगळंच प्रकरण असतं, ते इथे बाजूला ठेवतो. माणसं दहाच्या खाली असतील तर बरीच कलमं गळतात, वीस झाली की पीएफ येतो. मुलांचं वय आणि निदान यावरून आणखी दोन कायदे आत येतात किंवा बाहेर राहतात. तुमची संख्या ११ आहे आणि वयं १६ पासून आहेत, ते धरूनच पुढचं लिहितोय.

खजिनदारांचं म्हणणं पूर्ण चूक नाही, म्हणूनच ते घातक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत विलीन झाले. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेत ‘उद्योग’ या शब्दाच्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्थांनी चालवलेल्या आस्थापना वगळल्या आहेत. आधी तसं नव्हतं. १९७८ मध्ये बंगळुरू पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘उद्योग’ची व्याख्या इतकी रुंद केली होती की सेवाभावी संस्थाही तीत आल्या होत्या. खजिनदारांनी बहुधा हा बदल कुठेतरी वाचला असणार.

पण संहिता चार आहेत, एक नाही. वेतन संहिता, २०१९ आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० यांत ‘आस्थापना’ म्हणजे उद्योग, व्यापार, धंदा, उत्पादन किंवा व्यवसाय जिथे चालतो ती जागा, आणि तिथे सेवाभावी संस्थांना सरसकट सूट लिहिलेली नाही. एखादा वकील तुम्हाला यातूनही वाट काढून देईल. मी ती वाट धरणार नाही. मावशींना किमान वेतन द्यावं लागू नये म्हणून आपण धर्मादाय आहोत असं कोर्टात उभं राहून सांगायचं, हे मला जमलं नसतं. शिवाय संस्था हरली तर मागची थकबाकी एकरकमी द्यावी लागते, आणि ती रक्कम आपल्यासारख्यांच्या शिलकीत कधीच नसते.

खरा बदल किमान वेतनात झालाय आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. १९४८ चा किमान वेतन कायदा फक्त अनुसूचीत नाव असलेल्या रोजगारांना लागू व्हायचा. रुग्णालयं होती, दुकानं-हॉटेलं होती, पण ‘दिव्यांगांचं निवासगृह’ असा रोजगार कुठे बसतो हे कुणाला सांगता यायचं नाही. त्या फटीत ‘मानधन’ हा शब्द रुजला. पगार म्हटलं की दर येतो, दर म्हटला की तास येतात. मानधनाला दोन्ही लागत नव्हतं. आता वेतन संहितेने अनुसूचीची अटच काढून टाकली आहे. नोकरी करणारा प्रत्येक माणूस किमान वेतनाला पात्र आहे, संस्थेत दोन माणसं असोत की दोनशे. राज्याचे जुने नियम आणि दर संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, म्हणून तुमच्या विभागाचा लागू दर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून लेखी घ्या. सीएच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

आता तुमचे ८,००० बघू. बारा तास, २६ दिवस म्हणजे ३१२ तास. भागाकार केला की तासाला साडेपंचवीस रुपये पडतात. हा आकडा मी आमच्या विश्वस्तांच्या बैठकीत फळ्यावर लिहिला होता (आमचा तेव्हा एकोणीस रुपये होता). पहिली प्रतिक्रिया आली, “पण रात्री त्या झोपतातच की!”

त्यावर मी रात्रवही काढली. ही वही आम्ही कायद्यासाठी ठेवत नव्हतो, फिट येणाऱ्या मुलांसाठी ठेवत होतो. आदल्या रात्रीचं पान वाचून दाखवलं. ११.२० ला एकाला फिट, अंदाजे ४५ सेकंद, कुशीवर वळवलं. १२ ला सेरेब्रल पाल्सी असलेल्या दोघांची कूस बदलली. १.१० ला एक मुलगा दाराशी उभा, घरी जायचं म्हणतोय, पाणी दिलं, बसवलं. २ ला पुन्हा कूस. २.४० ला चादर बदलली, अंग पुसलं, कपडे भिजत टाकले. ४ ला कूस. ४.१५ ला तोच मुलगा पुन्हा दाराशी. ५ वाजता बंब पेटवला. एका पानावर आठ नोंदी होत्या, आणि मावशींचं अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत सरळ होतं. बैठकीत झोपेचा विषय पुन्हा निघाला नाही. तुमच्याकडे अशी वही नसेल तर आजच सुरू करा. उद्या तपासणीला कुणी आलं किंवा एखाद्या पालकाने तक्रार केली तर मावशींच्या आणि तुमच्या, दोघांच्याही बाजूने बोलणारा तेवढा एकच कागद असतो.

मग जादा कामाचा हिशेब. समजायला सोपं जावं म्हणून दिवसाचा दर ५०० रुपये धरू. तुमचा खरा दर वेगळा असेल, तो घालून बघा. आठ तासांचे ५००, म्हणजे तासाला ६२.५०. जादा तासाला किमान दुप्पट, म्हणजे १२५. बारा तासांच्या ड्युटीत चार तास जादा, त्यांचे ५००. म्हणजे शेवटचे चार तास आधीच्या आठ तासांइतकेच महाग. चोवीस तासांची एक जागा दोन माणसांत भरलीत तर दिवसाला २,००० लागतात, तीन माणसांत भरलीत तर १,५००. बारा तासांची ड्युटी स्वस्त पडते हा आपल्याकडचा जुना समज आहे. तो जादा तासांचे पैसे द्यायचे नव्हते तोवरच खरा होता.

तीन पाळ्यांची खरी अडचण पैशाची नाही, एसटीची आहे. दुपारी दोन ते रात्री दहाची पाळी संपवून मावशी गावाकडे कशी जाणार? आम्ही हे सोडवायला वर्ष घालवलं. शेवटी पाळ्या सहा ते दोन, दोन ते दहा अशा सरळ न ठेवता जवळ राहणाऱ्या दोघींना दुपार-रात्रीची पाळी दिली आणि लांबच्यांना सकाळ. रात्रीच्या पाळीतल्या बाई पावणेदहाला येऊन संस्थेतच राहतात, सकाळी सहाच्या गाडीने जातात. बायकांना रात्रपाळी द्यायची तर नव्या तरतुदींत त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी. ती संमती लेखी घ्या, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईला त्याबद्दल टोमणे मारू नका. मी हे लिहितोय कारण आमच्याकडे मारले गेले होते.

जेवणाबद्दल. “शिवाय जेवण” हे तुम्ही पगाराचा भाग म्हणून सांगताय असं दिसतं. वस्तुरूपाने दिलेल्या मोबदल्यापैकी एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच भाग वेतनात धरला जातो. म्हणजे ५०० च्या दराने २६ दिवसांचे जे १३,००० होतात त्यांच्या जागी आठ हजार रोख आणि पाच हजारांचं जेवण असं दाखवता येणार नाही. माझा सल्ला विचाराल तर जेवण हिशेबात धरूच नका. मुलांना भरवून झाल्यावर मावशी त्याच भांड्यातलं दोन घास खातात, त्याचं बिल करणं मला लाजिरवाणं वाटतं. दुसरं, मूळ वेतन दोन हजार आणि बाकी सगळे ‘भत्ते’ असा पगार पाडायची सवय असेल तर तीही सोडा. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

आता फी. तुम्ही सहा जणांची वाटणी लिहिली नाहीत, तेव्हा मी दिवसा तीन, रात्री दोन आणि एक जण बदलीला असं धरतो. म्हणजे रोजचे ६० तास, महिन्याचे १,८००. एक माणूस आठ तासांनी २६ दिवस, म्हणजे २०८ तास देतो. भागाकार ८.६५ येतो, म्हणजे नऊ माणसं. नऊ गुणिले १३,००० झाले १,१७,०००. त्यावर संस्थेचा ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) हिस्सा ३.२५ टक्के, सुमारे ३,८००. ग्रॅच्युइटीची तरतूद प्रत्येकी ६२५, म्हणजे ५,६२५. एकूण साधारण १,२६,४००. आज तुम्ही याच कामावर ४८,००० खर्च करता. फरक ७८,४०० चा, २६ मुलांवर वाटला तर मुलामागे महिना तीन हजारांच्या आसपास.

हा आकडा वाचून तुम्ही फोन खाली ठेवला असेल, हे मला माहीत आहे. पण साठ तास जसेच्या तसे धरायची गरज नसते. काम दिवसभर सारखं नसतं. सकाळी सहा ते दहा अंघोळी, दात, नाश्ता, गोळ्या, तेव्हा चार हात कमी पडतात. अकरा ते चार मुलं कार्यशाळेत असतात, तेव्हा दोन हात पुरतात. आम्ही सकाळच्या चार तासांसाठी गावातल्याच दोन बायका घेतल्या आणि दुपारची एक जागा कमी केली. तुमचं गणित त्याने अडीच हजारांच्या आसपास येऊ शकतं. अर्धवेळ माणूसही कर्मचारीसंख्येत एक म्हणूनच मोजला जातो, एवढं मात्र विसरू नका. नाहीतर नकळत वीसचा आकडा गाठाल.

पालकांना फीवाढ सांगताना आम्ही एक केलं, ते उपयोगी पडलं. पत्र पाठवलं नाही. पालकसभेत हाच हिशेब मांडला आणि शेवटी तासाचा दर सांगितला. एक आजोबा उठून म्हणाले, “माझ्या पोराला रात्री उचलणाऱ्या बाईला मी तासाला एकोणीस रुपये देतोय?” त्यांनी स्वतःहून जास्त दिले. सगळ्यांनी नाही दिले. तीन पालकांना खरोखर झेपत नव्हतं, त्यांच्यासाठी देणगीदार शोधावे लागले. एका मुलाला घरी नेलं, तो अजून आठवतो.

संख्येवर चालणाऱ्या गोष्टी भराभर सांगतो. ईएसआयला दहा माणसं लागतात, तुमची ११ आहेत, तेव्हा नोंदणी करा. कर्मचाऱ्याचा हिस्सा ०.७५ टक्के, म्हणजे १३,००० वर ९८ रुपये. मर्यादा महिना २१,००० वेतनाची आहे, दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी २५,०००. हे कापायला मावशी सुरुवातीला नाराज होतात. आमच्याकडेही झाल्या. मग एकदा पायरीवरून पडणाऱ्या नव्वद किलोच्या मुलाला धरताना एका मावशींचं मनगट मोडलं. तेव्हा आमची नोंदणी नव्हती. तीन महिने त्यांचा पगार आणि दवाखाना आम्ही वर्गणी काढून भागवला. ती वर्गणी मागायला मी स्वतः फिरलोय. त्यानंतर नोंदणीला दोन आठवडेही लागले नाहीत. या कामात कंबर, खांदे आणि मनगटं जातात, त्याला नोकरीतली इजा म्हणायचं हे आधीच ठरलेलं बरं.

पीएफ वीस माणसांवर येतो. स्वेच्छेने आधीही घेता येतो, पण पहिल्या वर्षी किमान वेतन आणि ईएसआय एवढं नीट बसवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्याखालची अंतर्गत समिती दहा माणसांवर सक्तीची आहे, तीत बाहेरची एक सदस्य हवी. समिती नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड आहे, आणि “आमच्याकडे सगळ्या बायकाच” हे त्यावर उत्तर होत नाही. आठवड्यातून दोनदा येणारे फिजिओथेरपिस्ट बिलावर फी घेत असतील, इतर ठिकाणीही काम करत असतील, तर त्यांना मी कर्मचाऱ्यांत मोजत नाही. पण राखणदार ‘एजन्सीचा’ आहे म्हणून मोजायचा नाही, असं करू नका.

अकरा महिन्यांच्या ऑर्डरी. तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणार. सगळ्यांकडे असतात. अकरा महिने, दोन दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. ग्रॅच्युइटी चुकवायची ही युक्ती आता उलटी बसते. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षं थांबावं लागत नाही, एका वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी मिळते, आणि वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवेचं एक वर्ष धरलं जातं. अकरा महिन्यांत ते सहज भरतात. म्हणजे कायम नेमणुकीतल्या मावशींना पाच वर्षांनी जे मिळालं असतं ते तुम्ही स्वतःच्या ऑर्डरीने एका वर्षावर आणून ठेवलंत. काम सोडणाऱ्या माणसाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा हीसुद्धा वेतन संहितेतली तरतूद आहे. “पुढच्या देणगीनंतर बघू” ही आपली पद्धत तिथे चालत नाही.

इथवरचं एका दमात: तुमच्यासाठी किमान वेतन, जादा तास, ईएसआय, ग्रॅच्युइटी आणि अंतर्गत समिती आज लागू आहेत असं धरा. पीएफ नाही. सेवाभावी संस्थेची सूट औद्योगिक संबंधांच्या बाबतीत आहे, पगाराच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका.

आता मान्यता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) याच्या कलम ५० नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. कलम ५१ नुसार नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी जायला हवा, आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं हवं. तुमची मुदत “संपत आलीय” म्हणता, तर आज तारीख बघा. साठ दिवसांच्या आत आला असाल तर उशिराचं कारण लिहून अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. फाईल जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणच्या टेबलावर असते तेव्हा पोचपावतीवरचा शिक्का हाच तुमचा बचाव. तपासणीला येणारे अधिकारी अग्निशमन, स्वच्छतागृह, रॅम्प बघतात, हल्ली कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी आणि नियुक्तीपत्रंही मागतात. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी नियुक्तीपत्र देणं नव्या संहितेतही आलंय. ते मराठीत द्या. मी पाहिलेली निम्मी पत्रं इंग्रजीत होती आणि ज्या मावशींना दिली त्यांनी ती देवघरात घडी करून ठेवली होती, न वाचता.

दिव्यांग हक्कांच्या याच कायद्याचं कलम ९२ प्रत्येक काळजीवाहकाला तोंडी समजावून सांगा. ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारलं तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड आहे. हे क्रूर माणसांसाठी लिहिलंय असं वाटतं, पण रात्री अंथरूण ओलं होऊ नये म्हणून सातनंतर पाणी बंद करणं ही सवय मी चांगल्या चांगल्या संस्थांत पाहिलीय, अतिशय मायाळू मावशींच्या हातून. रात्री दोनच जणी असतात आणि चादरी वीस, म्हणून हे घडतं. कमी माणसांत काम रेटलं की गुन्ह्याची पायरी अशी नकळत गाठली जाते.

तुमच्या सोळा वर्षांच्या मुलाबद्दल मला खरी काळजी वाटते. अठराच्या आतलं मूल निवासी ठेवलंत तर ते बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं का, बालकल्याण समितीचा आदेश आहे का आणि मुलांची निवासी संस्था म्हणून कलम ४१ ची नोंदणी लागते का, हे प्रश्न उभे राहतात. पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरोधातल्या कायद्याखाली) घटना कळवायची सक्ती प्रत्येक कर्मचाऱ्यावर आहे, आणि संस्थेतल्या माणसाकडून गुन्हा घडला तर शिक्षा वाढते. प्रौढांच्या खोलीत अल्पवयीन मूल झोपवू नका. दोन वर्षांचा प्रश्न असेल तर त्याला दिवसा कार्यशाळेत ठेवा आणि रात्री घरी पाठवा. पालक ऐकत नसतील तरी.

निदानही बघा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार धरलेला नाही, त्यामुळे निव्वळ बौद्धिक दिव्यांगांची संस्था त्या कायद्याखाली येत नाही. पण “बिचारा कुठे जाईल” म्हणून स्किझोफ्रेनिया असलेला एखादा मुलगा ठेवून घेतला असेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचा प्रश्न येतो. आम्ही असा एक ठेवला होता. तपासणीत पहिलं बोट त्याच्याच फाईलवर पडलं.

आरसीआयचं सोपं आहे. १९९२ च्या कायद्याखाली ज्या सोळा प्रवर्गांना केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव लागतं त्यांत विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगैरे आहेत. मावशी-मामा नाहीत. तुमच्या दोन्ही शिक्षिकांची नोंदणी चालू आहे का, नूतनीकरणासाठी लागणारे प्रशिक्षणाचे गुण भरलेत का, तेवढं बघा. फिजिओथेरपिस्टची नोंदणी आरसीआयकडे नसते, त्यांची राज्याची परिषद वेगळी आहे. मावशींना प्रशिक्षण द्यायचंच असेल तर राष्ट्रीय न्यासाची (बौद्धिक दिव्यांग वगैरेंसाठीच्या केंद्राच्या संस्थेची) ‘सहयोगी’ योजना काळजीवाहकांच्या प्रशिक्षणासाठीच आहे. प्रमाणपत्राच्या नादाने नव्हे, तर उचलण्याची पद्धत शिकण्यासाठी पाठवा. गुडघ्यात वाकून, मूल अंगाजवळ घेऊन उचलायचं हे कळलं की पुढचं मनगट वाचतं.

मुलांच्या बाजूने एकच काम राहतं: यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या दिव्यांग विभागाच्या १७ योजनांसाठी हा क्रमांक, निदान नोंदणीक्रमांक, मागितला जातो. ऑक्टोबर २०२४ च्या नियमदुरुस्तीने कार्ड रंगांचं झालं: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. कार्ड द्यायची मुदत एका महिन्यावरून तीन महिने झाली, त्यामुळे निरामय या राष्ट्रीय न्यासाच्या आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाच्या तोंडावर अर्ज करू नका. तुमच्या ५१ वर्षांच्या मुलाचं जुनं कागदी प्रमाणपत्र असेल, आई-वडील नसतील, आधारवर बोटांचे ठसे उमटत नसतील. त्याच्यापासून सुरुवात करा, त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

शेवटी ज्या दोन मावशी पहिल्यापासून आहेत त्यांचं. तुमच्यासारख्या संस्थेत अशा दोघी असतातच. १५ वर्षं झाली असतील आणि वेतन १३,००० धरलं, तर भागिले २६, गुणिले १५ दिवस, गुणिले १५ वर्षं: प्रत्येकी १,१२,५००. हे देणं संहितांनी आणलेलं नाही, १९७२ च्या कायद्यातही दहा माणसांची अट होतीच. पुढच्या लेखापरीक्षणात ते ताळेबंदात दायित्व म्हणून दाखवा आणि दरमहा थोडं वेगळ्या खात्यात टाकायला लागा. खजिनदार विरोध करतील. मस्टर, रात्रवही आणि हा आकडा, तिन्ही घेऊन बैठकीला जा. दोन्ही मावशींनाही त्या बैठकीत बसवा. आमच्याकडे बसवल्या होत्या, त्यांनी चहा करायला उठू का असं विचारलं, तेव्हा अध्यक्षांनी स्वतः उठून चहा सांगितला.